ब्राइटनफेल्ड चामड्याच्या तोफांनी जिंकली का?

फिरणारा दावा असा: 1631 मध्ये, तीस वर्षांच्या युद्धात, जर्मनीतल्या ब्राइटनफेल्डला स्वीडनचा तोफखाना सांभाळणाऱ्या लेनार्ट टोर्स्टेन्सनने चामड्याच्या तोफांनी लढाई जिंकून दिली.

तोफखाना त्याच्याकडेच होता, आणि चामडी तोफही खरोखर बनली होती. पण ती नुसत्या चामड्याची नव्हती. आत तांब्याची पातळ नळी, तिच्यावर लोखंडी कडी, मग दोराचे घट्ट वेढे, आणि चामडं फक्त सगळ्यात बाहेर. अडचण याच रचनेत होती. दोर आणि चामडं उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत, त्यामुळे थोड्याच बारांत नळी तापते. तापलेल्या नळीत दारू भरताना ती आपोआप पेटण्याचा धोका असतो. शिवाय नळी पातळ, म्हणून दारू कमीच भरायची. मग गोळा दूर जात नाही.

म्हणूनच 1620 च्या दशकाच्या अखेरीस पोलंडविरुद्ध वापरून स्वीडनने त्या मागे घेतल्या. ब्राइटनफेल्डला होत्या त्या ओतीव धातूच्या, तीन पौंडी रेजिमेंट तोफा, म्हणजे तीन पौंडांचा गोळा टाकणाऱ्या, पायदळाच्या तुकडीबरोबर चालणाऱ्या हलक्या तोफा. अशी एक तोफ एक घोडा किंवा तीन-चार माणसं ओढत.

पडताळायचं तर आधी पोलंड आणि ब्राइटनफेल्ड या दोन्ही मोहिमांची सालं शेजारी ठेवा. मग तीन पौंडी म्हणून दाखवलेल्या तोफेचं तोंड मोजा: तीन स्वीडिश पौंडांचा लोखंडी गोळा साधारण 1.3 किलोचा, म्हणजे सुमारे 7 सेंटिमीटर व्यासाचा. तोंड त्याहून थोडं मोठं हवं.

टोर्स्टेन्सनचं खरं कर्तृत्व पुढेच आहे. 1641 पासून तो जर्मनीतल्या स्वीडिश सैन्याचा सरसेनापती होता. संधिवाताने घोड्यावर बसणं अवघड, तरी 1645 मध्ये बोहेमियातली (आजचं चेकिया) यांकाऊची लढाई त्याने जिंकली.