‘वेल-नोन’ ट्रेडमार्कचा अर्ज: सांगली-साताऱ्याच्या व्यापाऱ्यांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि फी

पलूस तालुक्यातल्या किर्लोस्करवाडीत १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना काढला आणि पुढे ते आडनाव घराघरांत पोचलं. नव्वदच्या दशकात हेच नाव मुंबई उच्च न्यायालयात गेलं. ‘किर्लोस्कर डिझेल रिकॉन’ या दुसऱ्याच कंपनीने ते वापरू नये, असा मूळच्या किर्लोस्करांच्या कंपन्यांचा दावा होता. त्या कंपनीचं म्हणणं होतं की आडनाव आमचं आहे आणि धंदाही वेगळा आहे. न्यायालयाने ते मानलं नाही. नाव लोकांच्या मनात इतकं रुजलेलं असेल तर दोघांचा धंदा एकच असला पाहिजे असं नाही, आणि स्वतःचं आडनाव वापरायची सवलत कंपनीने धारण केलेल्या नावाला लागू होत नाही, असा निकाल लागला.

साधा ट्रेडमार्क आणि ‘वेल-नोन’ म्हणजे सुप्रसिद्ध ट्रेडमार्क यांतला फरक इथेच आहे. साधी नोंदणी मुख्यतः तुमच्या मालाच्या वर्गापुरती आणि त्याच्याशी मिळत्याजुळत्या मालापुरती राखण करते. एकूण वर्ग ४५ आहेत, ३४ मालाचे आणि ११ सेवांचे. हळद पावडर ३० मध्ये येते, बेदाणा २९ मध्ये, कपडे २५ मध्ये. सुप्रसिद्ध ठरलेलं नाव मात्र कुणी भलत्याच मालावर लावलं तरी त्याला अडवता येतं. मोटारींचं ‘बेन्झ’ हे नाव अंतर्वस्त्रांवर छापणाऱ्याला दिल्ली उच्च न्यायालयाने रोखलं होतं, तेही १९९९ चा आत्ताचा ट्रेडमार्क कायदा येण्यापूर्वी.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो. सांगली-साताऱ्यातून माझ्याकडे नावाबद्दल विचारायला येणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना सुप्रसिद्धचा अर्ज आज लागत नाही, त्यांना आधी साधी नोंदणी हवी असते. ती टीएम-ए फॉर्मवर होते. एकटा मालक, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असेल तर ऑनलाइन फी एका वर्गाला ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. लघुउद्योगाची सवलत हवी तर उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणीचा दाखला जोडा. नाव आधीपासून वापरात असेल तर पहिल्या वापराची तारीख लिहून प्रतिज्ञापत्र आणि त्या काळची बिलं द्यायची. वकील किंवा एजंट काम पाहणार असेल तर टीएम-४८ हे अधिकारपत्र. महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या ट्रेडमार्क रजिस्ट्रीकडे जातात, पण सगळं ऑनलाइन असल्यामुळे अँटॉप हिलच्या तिच्या कार्यालयाची वारी करावी लागत नाही. तपासणी अहवाल आला की ३० दिवसांत उत्तर द्या. रजिस्ट्रीच्या ट्रेडमार्क जर्नलमध्ये नाव छापून आल्यावर इतरांना हरकतीसाठी चार महिने असतात. नोंदणी दहा वर्षांची, पुढे दर दहा वर्षांनी नूतनीकरण.

ज्यांचं नाव खरोखर गाजलंय त्यांच्यासाठी २०१७ च्या ट्रेडमार्क नियमांत नियम १२४ आहे. त्याआधी नाव सुप्रसिद्ध आहे की नाही हे बहुतेक वेळा कोर्टात किंवा हरकतीच्या सुनावणीत, भांडणाच्या ओघात ठरायचं. आता भांडण नसतानाही रजिस्ट्रारकडे थेट मागणी करता येते. फॉर्म टीएम-एम, फक्त ऑनलाइन, फी एका नावाला १ लाख रुपये. लहान उद्योगाला यात सूट नाही, आणि हे मला खटकतं. कोर्टाने नाव सुप्रसिद्ध म्हणून जाहीर केलं तरी रजिस्ट्रीच्या यादीत यायचं तर हा अर्ज आणि ही फी लागतेच, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं.

पात्रतेसाठी उलाढालीचा ठरावीक आकडा कायद्यात नाही. ट्रेडमार्क कायद्याचं कलम ११ पाहायला सांगतं ते असं: संबंधित लोकांना नाव किती माहीत आहे, किती वर्षं आणि किती प्रदेशात वापरलं, जाहिरात किती काळ केली, नोंदणी कुठे कुठे आहे, आणि नावासाठी लढून काही जिंकलंय का. यातला ‘संबंधित लोक’ हा शब्द आपल्याकडच्या धंद्याला फार मोलाचा आहे. नाव साऱ्या भारताला माहीत असायलाच हवं, अशी अट रजिस्ट्रार घालू शकत नाही. तासगावच्या बाजूला द्राक्षबागांची औषधं विकणारा कुणी असेल तर मुंबईच्या गृहिणीने त्याचं नाव ऐकलेलं नसलं तरी बिघडत नाही. बागायतदार, कृषी सेवा केंद्रवाले आणि वितरक त्या नावाने माल मागतात का, हे पाहिलं जातं.

मागतात, हे दाखवायचं मात्र कागदाने. अर्जाबरोबर हक्काचं सविस्तर निवेदन लागतं आणि त्यातल्या प्रत्येक दाव्यामागे पुरावा. त्या नावाने झालेली वर्षवार विक्री, तिला आधार देणारे ताळेबंद किंवा सीएचा दाखला. वर्षवार जाहिरातखर्च आणि जाहिरातींची कात्रणं. वितरकांची यादी, ग्राहकसंख्येचा पुरावा, वेगवेगळ्या जिल्ह्यांतली आणि राज्यांतली बिलं. नोंदणीची प्रमाणपत्रं, आणि कोर्टाचे किंवा रजिस्ट्रीचे बाजूने लागलेले निकाल. सगळं ए-४ आकारात स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये, एकूण १० एमबीच्या आत. चाळीस वर्षांचा धंदा १० एमबीत बसवायचा म्हणजे निवड करावी लागते. माझा सल्ला, दर वर्षाचे दोन-तीन ठळक कागद घ्या. एकाच वर्षाची शंभर बिलं जोडून काही साधत नाही.

सांगलीच्या मार्केट यार्डातले एक जुने हळद व्यापारी माझ्याकडे आले होते. वडिलांच्या काळापासूनचं नाव, परराज्यांतून फोनवर ऑर्डरी. कागद मागितले तर जीएसटी आल्यानंतरचेच निघाले, त्याआधीचं सगळं दर दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेलं होतं. मला आजही त्याची हळहळ वाटते. शेवटी पोत्यांवर छापायचा एक जुना साचा आणि स्थानिक वर्तमानपत्रातल्या दिवाळीच्या शुभेच्छांची दोन कात्रणं सापडली, त्यांच्या आधारे साध्या नोंदणीत जुना वापर दाखवला. सुप्रसिद्धच्या अर्जाला तेवढं पुरलं नसतं. म्हणून जुनी बिलबुकं, गुमास्ता परवाना, पिशव्या, कॅलेंडरं, यात्रेत लावलेल्या स्टॉलचे फोटो आजच स्कॅन करून तारखेसह ठेवा.

अर्ज गेल्यावर रजिस्ट्रार आणखी कागद मागू शकतो. मग लोकांकडून हरकती मागवल्या जातात, त्यासाठी सूचना प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवस. मान्य झालं तर नाव जर्नलमध्ये छापून यादीत चढतं. ही यादी रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट पाहता येते. नवीन दुकानाचा बोर्ड रंगवायला देण्याआधी ती जरूर पाहा. नाव चुकून चढलं असेल किंवा पुढे त्याला तो मान उरला नसेल, तर सुनावणी देऊन ते काढूनही टाकता येतं.

साताऱ्याहून हमखास येणारा प्रश्न: ‘सातारी कंदी पेढे’ हे नाव आमच्या एकट्याच्या नावावर होईल का? गावाचं आणि मालाचं नाव सगळ्यांचं असतं, एकट्याला मिळत नाही. त्याच्या पुढे-मागे लावलेलं तुमचं वेगळं नाव किंवा चित्र नोंदवता येतं. सांगलीची हळद, सांगलीचा बेदाणा, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी यांना भौगोलिक मानांकन आहे. तो वेगळा कायदा, त्याची रजिस्ट्री चेन्नईला, आणि तिथे उत्पादकाने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंद करायची असते.

आणि मोठ्या कंपनीची नोटीस तुमच्याच दारात आली तर? घाबरून बोर्ड उतरवू नका. त्यांच्या वापराच्या आणि नोंदणीच्या आधीपासून तुम्ही ते नाव सलग वापरत असाल तर कलम ३४ तुमच्या बाजूने आहे. शिवाय देवादिकांची, नद्यांची नावं कुणा एकाची मक्तेदारी होत नाहीत. कर्नाटकच्या ‘नंदिनी’ दूध महासंघाने ‘नंदिनी डिलक्स’ हॉटेलच्या नोंदणीला हरकत घेतली होती, ती २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. माल वेगळा होता आणि नावाची मांडणीही.

तुमचं नाव दुसऱ्याने उचललं असेल, तर दावा जिल्हा न्यायालयात लावायचा. नोंदणी असेल तर तुम्ही जिथे धंदा करता तिथेच, म्हणजे सांगलीत किंवा साताऱ्यात तो लावता येतो. मनाई आणि भरपाई दोन्ही मागा. फक्त उशीर करू नका. समोरच्याने ते नाव स्वतः नोंदवून घेतलं असेल आणि तुम्ही माहीत असून सलग पाच वर्षं गप्प बसला असाल, तर कलम ३३ प्रमाणे सहसा तुम्हाला त्याचा वापर थांबवता येत नाही. त्याने ती नोंदणी वाईट हेतूने मिळवली होती हे सिद्ध झालं, तरच वाट उरते.