अंदमानात पाचला दिवे लागतात

(निघण्याआधी घरातल्या सगळ्यांनी एकदा वाचावं. उशिरा उठणाऱ्यांनी दोनदा.)

आमच्याकडून अंदमानच्या सहलीचं व्हाउचर हातात पडलं की दोन दिवसांत एक फोन येतोच. "प्रोग्रॅममध्ये पहाटे साडेपाचला गाडी लिहिलीय, छपाईची चूक आहे का हो?" चूक नाही. दुसरा फोन थेट हॅवलॉक बेटावरून येतो, संध्याकाळी सव्वापाचला, आणि आवाज चढलेला असतो. "राधानगर बीचला आत्ता पोचतोय, तर सूर्य गेलेला. शिट्ट्या मारून लोकांना पाण्यातून बाहेर काढतायत!" हे दोन्ही फोन करणारी मंडळी बहुतेक वेळा एकच असतात. आजवर हे फोनवर समजावत आलो, आता छापूनच देतो.

आपल्या देशाचं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे. मुंबई त्याच्या जवळजवळ दहा अंश पश्चिमेला, पोर्ट ब्लेअर जवळजवळ दहा अंश पूर्वेला. एका अंशाला चार मिनिटं धरली तर दोन्ही गावांच्या सूर्यात ऐंशी मिनिटांचं अंतर पडतं, आणि मनगटावरचं घड्याळ मात्र दोन्हीकडे तेच. मुंबईने १९५५ पर्यंत स्वतःचं निराळं घड्याळ चालवलं होतं, ३९ मिनिटं मागचं. गिरगावातल्या जुन्या माणसांनी 'बॉम्बे टाइम' ऐकलेला असेल. त्या घड्याळात वाढलेल्या गावातून आपण अंदमानला जातो, हे लक्षात ठेवा.

हिशोब नको असेल त्यांनी एवढंच बघावं. डिसेंबरात मुंबईत सूर्य सातच्या पुढेमागे उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. अंदमानात साडेपाचला उजाडलेलं असतं आणि पाचला सूर्य पाण्यात. मे महिन्यात आपल्याकडे सातपर्यंत उजेड, तिकडे साडेपाचला सूर्यास्त.

पण खरी अडचण घड्याळाची नाही, सवयीची आहे. आपण मुंबईकर समुद्रावर जातो ते ऊन उतरल्यावर. ऑफिस सुटलं, चहा झाला, की शिवाजी पार्कचा किनारा नाहीतर जुहू, आणि भेळ खाऊन घरी. जन्मभर हेच केलेलं असतं. हॅवलॉकला पोचल्यावरही तेच होतं. दीडला जेवण, मग डुलकी, चारला चहा. "अजून ऊन आहे, निघू सावकाश." बहुतेक हॉटेलं बेटाच्या पूर्वेला, राधानगर पश्चिमेला, मध्ये दहा-बारा किलोमीटरचा रस्ता. गाडीत बसेपर्यंत पावणेपाच होतात.

२००४ साली 'टाइम' मासिकाने राधानगरला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं, २०२० साली त्याला स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना देतात तो 'ब्लू फ्लॅग' मिळाला. तिथे संध्याकाळी तुम्हाला दिसतो तो पार्किंगमधला दिवा. आणि "उद्या परत नेता का?" याला उत्तर नसतं, कारण दुसऱ्या दिवशीची नील बेटाची बोट ठरलेली असते आणि तिकीट नावावर काढलेलं असतं. मागच्या हिवाळ्यात डोंबिवलीच्या एका आजोबांनी फोनवर शांतपणे विचारलं, "मग आम्ही इतक्या लांब कशाला आलो?" त्यांच्या घरातले आठजण एका नातवाचा डोळा उघडायची वाट बघत हॉटेलात बसले होते. आजोबा साडेतीनलाच चपला घालून तयार होते, हे मला नंतर ड्रायव्हरकडून कळलं.

हसत नाही मी कोणाला. पहिल्यांदा गेलो तेव्हा मीही हेच केलं. माझ्याकडे राधानगरचा एकच फोटो आहे, फ्लॅशमध्ये उजळलेला बायकोचा चेहरा, आणि तो चेहरा काही सूर्यास्त बघून खूश झालेला नाही.

तेव्हा करायचं काय? घड्याळाला हात लावू नका, दिवस दोन तास अलीकडे ओढा. रात्री नऊला झोपा. तसंही तिकडे नऊनंतर फारसं काही नसतं. पहाटे पाचला उठलात तर हॅवलॉकच्याच काळापत्थर किनाऱ्यावर सूर्योदय मिळतो, आणि सकाळचं पाणी बहुधा शांत असतं. एलिफंट बीचला स्नॉर्कलिंगसाठी पहिल्या बोटींतून जायचं. अंधाराआधी बोटींना परतायचं असतं, त्यामुळे दुपार कलली की नवीन माणसं घ्यायला कोणी तयार नसतं. साडेपाचच्या गाडीमागचं कारण हे. नाश्ता हॉटेलवाले डब्यात बांधून देतात, आदल्या रात्री आम्ही सांगून ठेवतो. जेवण बाराला उरका आणि तीनला राधानगरच्या वाळूवर पाय टेका. अंधार पडू लागला की पाण्यातून बाहेर काढतात त्यावर हुज्जत घालू नका. अंदमानच्या खाड्यांत खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, आणि जीवरक्षक आपलं काम करतोय.

ज्यांना काळोखाचाच राग आला असेल त्यांच्यासाठी एक गोष्ट आहे. हॅवलॉकला रात्री कायाकमधून खारफुटीत नेतात. वल्हं मारलं की पाणी निळसर चमकतं. पाण्यातले सूक्ष्म जीव ढवळले गेले की प्रकाश देतात, त्याची ही चमक. चांदणं असलं तर फिकी दिसते, म्हणून अमावस्येच्या आसपासच्या तारखा मागा. याचे पैसे वेगळे पडतात, पण ज्यांनी केलं त्यांच्यापैकी एकानेही आजवर पैशाचं नाव काढलेलं नाही.

दुसरी तक्रार रात्रींची. "दुसरीकडे हॅवलॉकची एकच रात्र आहे आणि पॅकेज चार हजारांनी स्वस्त आहे." असेल. एका रात्रीत बोटीतून उतरायचं, खोली मिळेपर्यंत दुपार, पाचला अंधार, सकाळी पुन्हा बोट. म्हणजे उजेडाचे तीन-चार तास. त्या चार हजारांत तुम्ही काय वाचवलं ते तुम्हीच मोजा. आम्ही हॅवलॉकच्या दोन रात्रींखाली बुकिंग घेत नाही, आणि त्यामुळे आमची काही गिऱ्हाइकं जातात हेही खरं.

क्रमाबद्दलही विचारणा होते. बरीच मंडळी निघतात ती सेल्युलर जेलसाठी, आणि त्यांना आधी तेच हवं असतं. भावना कळते. सावरकर १९११ ते १९२१ तिथे होते. सर्वांत वरच्या मजल्यावर, टोकाची कोठडी. ती बघताना आपल्या ग्रुपमधला बोलका माणूसही गप्प होतो. तुरुंगाच्या सात बाजूंपैकी आता तीनच उभ्या आहेत. ती दिवसाउजेडी निवांत बघायची आणि अंधार पडल्यावर ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम. इथे पाचचा काळोख पथ्यावर पडतो. तरी आम्ही बेटं आधी आणि पोर्ट ब्लेअरचा मुक्काम शेवटी ठेवतो. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात. परतीच्या विमानाच्या दिवशी तुम्ही हॅवलॉकला अडकलात तर विमान तुमच्यासाठी थांबत नाही. शिवाय स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली बुडी, केल्यावर लगेच विमानात बसायचं नसतं. एकदाच पाण्यात उतरला असाल तर किमान बारा तास, जास्त वेळा उतरला असाल तर अठरा. त्यामुळे "शेवटच्या सकाळी स्कूबा करून एअरपोर्ट" हा बेत कोणी आखला तर आम्ही तो खोडतो. पोहता येत नसलं तरी पहिली डुबकी मारता येते, प्रशिक्षक सोबत असतो. पण दहा वर्षांखालच्या मुलांना नेत नाहीत, आणि दमा, हृदयविकार किंवा कानाचा त्रास असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा, किनाऱ्यावर फॉर्म भरताना नव्हे.

आता नावं. "आम्हाला हॅवलॉक हवं होतं, तिकिटावर स्वराज द्वीप आलंय." तेच ते. २०१८ साली हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. २०२४ साली पोर्ट ब्लेअरचं श्रीविजयपुरम. तोंडी सगळे जुनंच म्हणतात, आम्हीही.

नीलला भरती-ओहोटी बघावी लागते. तिथला नैसर्गिक दगडी पूल, ज्याला स्थानिक बंगाली मंडळी 'हावडा ब्रिज' म्हणतात, तो ओहोटीलाच चालत जाऊन बघता येतो. तिथल्याच भरतपूर किनाऱ्यावर काचेच्या तळाची बोट घ्यायची तर पाणी भरलेलं बरं. आमच्या कोकणातल्या गिऱ्हाइकांना तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढता येते आणि ते ती तिकडेही काढतात. तो हिशोब आपल्या किनाऱ्याचा आहे, तिकडे चालत नाही. वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, एवढं मात्र दोन्हीकडे सारखं. म्हणून प्रत्येक कुटुंबाला त्यांच्या तारखांचा एक कागद आम्ही वेगळा देतो. त्यावर रोजचा सूर्योदय, सूर्यास्त, भरती आणि ओहोटी असते. प्रोग्रॅम हरवला तरी चालेल, हा कागद पाकिटात ठेवा. नीलचा कार्यक्रम आम्ही त्याच्यावरूनच लावतो, म्हणून दोन कुटुंबांचा क्रम सारखा नसतो. शेजाऱ्यांचा प्रोग्रॅम दाखवून "आमचा वेगळा का?" असं विचारू नका.

बारतांग बेटावर जायचं तर पहाटे तीन-चारलाच निघावं लागतं. वाटेतल्या जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून गाड्या ताफ्यानेच सोडतात. वाटेत थांबणं, फोटो, खाऊ देणं सगळं कायद्याने बंद आहे. शंख-शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे, मेलेले असले तरी, उचलू नका. एअरपोर्टवर बॅगेत सापडले की लहान मुलाने ठेवले होते हे कोणी ऐकून घेत नाही. आणि मेच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी शक्यतो पहिला पंधरवडा धरावा. अंदमानात पाऊस केरळच्याही आधी येतो. आपल्याकडे छत्र्या माळ्यावर असतात तेव्हा तिकडे बोटी बंद पडू लागलेल्या असतात.

दिवाळी आणि नाताळच्या तारखांची बोटीची तिकिटं आधी संपतात, विमानाची नंतर. त्यामुळे विमान काढून मग आमच्याकडे येण्यापेक्षा आधी या. ऑफिस सकाळी अकरा ते संध्याकाळी सात, रविवारी बंद. येताना घरातल्या सगळ्यांची ओळखपत्रं आणा, आणि सकाळी सर्वांत उशिरा उठतं कोण तेही सांगा. त्यांची खोली गाडीच्या अगदी जवळची मागून ठेवतो.