ऑफिसचा पासवर्ड लॅपटॉपच्या बाहेर पडतच नाही

सकाळी ऑफिसच्या लॅपटॉपवर पासवर्ड टाकला की तो सर्व्हरकडे जातो, तिथे ठेवलेल्या पासवर्डशी जुळवून बघतात आणि जुळला की आत सोडतात, असं आयटीतल्यासुद्धा बऱ्याच जणांना वाटतं. जिथे विंडोजची ॲक्टिव्ह डिरेक्टरी, म्हणजे ऑफिसमधल्या सगळ्या खात्यांची मध्यवर्ती नोंदवही, आहे तिथे सहसा असं होत नाही. पासवर्ड लॅपटॉपमध्येच राहतो, आणि हे मला पहिल्यांदा नीट कळलं तेव्हा मी दोन दिवस त्याच विचारात होतो!

या युक्तीचं नाव कर्बेरॉस, ग्रीक पुराणातल्या पाताळाच्या दारावरचा तीन डोक्यांचा कुत्रा. मूळ विचार नीडहॅम आणि श्रोडर या संगणकशास्त्रज्ञांच्या १९७८च्या पेपरमधला, १९८०च्या दशकात एमआयटीच्या अथेना प्रोजेक्टमध्ये तो प्रत्यक्षात आला आणि विंडोज २००० पासून ऑफिसांत पोचला.

होतं असं की लॅपटॉप पासवर्डपासून गणिताने एक किल्ली बनवतो आणि त्या किल्लीने आत्ताची वेळ कुलूपबंद करून पाठवतो. फक्त वेळ. सर्व्हरकडे तुमची तीच किल्ली आधीपासून असते, त्याने कुलूप उघडलं आणि आत बरोबर वेळ निघाली म्हणजे पाठवणारे तुम्हीच. मग तो एक तात्पुरती किल्ली देतो आणि सोबत एक तिकीट, जे तुम्हाला स्वतःला उघडताच येत नाही कारण ते सर्व्हरने आपल्या किल्लीने बंद केलेलं असतं. ते साधारण १० तास चालतं. फाइल सर्व्हरकडे जायचंय? हे मोठं तिकीट दाखवून त्याच्यापुरतं छोटं तिकीट घ्यायचं, ते फाइल सर्व्हरच्या किल्लीने बंद असतं, त्याने उघडलं की आत तुमची ओळख, तुमचे ग्रुप आणि अजून एक तात्पुरती किल्ली, कुणाला विचारायला जायची गरजच नाही. आणि वेळ कशासाठी, तर कुणी हा कुलूपबंद निरोप मधेच चोरून नंतर परत पाठवू नये म्हणून. त्यामुळे घड्याळात ५ मिनिटांहून जास्त फरक असला की गाडी अडते.

क्लाउडमध्ये मात्र ही जुळणी तुटते, कारण पगाराचं सॉफ्टवेअर दुसऱ्याच कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये असतं आणि त्याची गुप्त किल्ली आपल्याकडे नसते. म्हणून तिथे कुलपाऐवजी सही: ओळख देणारा सर्व्हर आपल्या खासगी किल्लीने टोकनवर, म्हणजे तुमच्या ओळखीच्या डिजिटल चिठ्ठीवर, सही करतो आणि जाहीर किल्ली वापरून ती कुणीही तपासू शकतो. सॅमल आणि ओपनआयडी कनेक्ट या लॉगिनच्या पद्धती हेच करतात.

दर ९० दिवसांनी पासवर्ड बदलायची सक्ती मात्र मला शुद्ध अंधश्रद्धा वाटते, लोक शेवटचा आकडा एकने वाढवतात आणि पुढे जातात. निस्ट या अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेनेही २०१७ मध्ये सांगितलं की पासवर्ड फुटल्याची खूण असेल तरच बदलायला लावा. खरा धोका विसरलेल्या खात्यांचा. २०२१ मध्ये कलोनियल पाइपलाइन या इंधन वाहून नेणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या नेटवर्कमध्ये चोर शिरले ते वापरात नसलेल्या एका जुन्या व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणाऱ्या) खात्यातून, ज्याला पासवर्डशिवाय दुसरी तपासणीच नव्हती, आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पेट्रोलसाठी रांगा लागल्या.

ऑफिसची डिरेक्टरी आणि मायक्रोसॉफ्टचं क्लाउड जोडलेलं असेल तर बदललेला पासवर्ड साधारण २ मिनिटांत वर पोचतो, तोही हॅशचा हॅश होऊन (हॅश म्हणजे पासवर्डपासून गणिताने बनवलेला, उलटा न फिरवता येणारा ठसा). पण खातं बंद केल्याची बातमी नेहमीच्या सेटिंगमध्ये दोन्हीकडच्या नोंदी जुळवणाऱ्या दर ३० मिनिटांच्या फेरीत जाते आणि आधी दिलेलं टोकन त्यानंतरही तासभर चालू शकतं. म्हणून माणूस नोकरी सोडून गेला की त्याचं क्लाउडमधलं खातं लगेच हाताने बंद करा आणि चालू सेशनही तोडा, फेरीची वाट बघू नका.