पडलेल्यांचं काय करायचं?

इजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसच्या एका तुकड्यावर ७२ वर्षांच्या म्हाताऱ्याची ओळख पटवून दिली आहे: ऑरेलियस डायोजेनीस, उजव्या भुवईवर व्रण. मी देवांना आजवर बळी वाहत आलो, आताही तुमच्यादेखत वाहिला, नैवेद्य चाखला, तरी तसा दाखला मिळावा, अशी विनंती. तारीख २६ जून, इ.स. २५०. तहसील कचेरीत खपून जाईल असा अर्ज.

देवांना बळी वाहण्याचा रोमन सम्राट डेशियसचा हुकूम साऱ्या प्रजेला होता, पण कोंडी झाली ती ख्रिस्ती लोकांची. रोमच्या चर्चचा प्रमुख, बिशप फेबियन, जानेवारी २५० मध्येच या छळात मेला. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये कित्येकांनी रांगा लावून बळी दिले, कुणी नुसता धूप घातला, तर कुणी चिरीमिरी देऊन बळी न देताच दाखला मिळवला. या सगळ्यांना लॅटिनमध्ये एकच शब्द पडला: ‘लाप्सी’, म्हणजे पडलेले. वर्षभरात छळ ओसरला आणि हीच माणसं मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, दाराशी येऊन उभी राहिली. आत घ्यायचं का?

प्रश्न अगदीच नवा नव्हता. तीसेक वर्षांपूर्वी रोमचा बिशप कॅलिस्टस पाप्यांना मंडळीत ठेवण्यावरून म्हणाला होता की गव्हाबरोबर निदणही (तणही) वाढू द्या, नोहाच्या तारवातही शुद्ध-अशुद्ध सगळेच प्राणी होते. हा स्वतः कधीकाळचा गुलाम, सार्डिनियाच्या खाणीत शिक्षा भोगून आलेला. विद्वान हिप्पोलिटसला ही ढिलाई मुळीच रुचली नाही.

कार्थेजचा बिशप सिप्रियन तर आणखी अडचणीत होता. छळाच्या काळात तो लपून बसला होता. आता कोणत्या तोंडाने तो इतरांचा न्याय करणार? दुसरीकडे, तुरुंगात मार खाऊनही न डगमगलेले विश्वासी पडलेल्यांना चिठ्ठ्या देत सुटले होते: ‘अमक्याला त्याच्या माणसांसह सामील करून घ्यावं.’ ‘त्याची माणसं’ म्हणजे नेमकी किती? अशा एका चिठ्ठीवर वीस-तीस जण येऊन उभे राहतील, असं सिप्रियनने वैतागून लिहिलं आहे. कृपा हवी, पण घाऊक नको, असं त्याचं म्हणणं.

कार्थेजला बिशपांच्या २५१ च्या सभेत ठरलं की ज्यांनी फक्त दाखला घेतला त्यांचं प्रकरण एकेक तपासून त्यांना परत घ्यावं. ज्यांनी प्रत्यक्ष बळी दिला त्यांना मरणशय्येवर. पण मग रोगाची साथ आली, नव्या छळाची चाहूल लागली, आणि पुढच्या सभेने पश्चात्ताप करणाऱ्या सगळ्यांनाच दार उघडलं. प्रभूचा प्याला (प्रभुभोजन या भाकरी-द्राक्षारसाच्या विधीतला) आधी न देता यांना हौतात्म्याचा प्याला प्यायला कसं सांगणार, हा त्यामागचा विचार. मला तरी सगळ्या वादातला हाच मुद्दा सर्वांत वजनदार वाटतो. (सिप्रियनचा २५८ मध्ये शिरच्छेद झाला. या वेळी त्याने मरण टाळलं नाही.)

रोममध्ये नोव्हेशियन नावाचा पाळक अडून बसला. देव क्षमा करील तर करो, मंडळीला तो अधिकार नाही, असं म्हणून त्याने वेगळी चूल मांडली. त्याला खलनायक ठरवणं सोपं आहे. पण ज्याचा बाप तुरुंगात मेला, त्याने धूप घालून सुटलेल्या शेजाऱ्याबरोबर एकाच मेजावर बसायचं, हे सोपं नव्हतं.

सम्राट डायोक्लेशनच्या छळानंतर उत्तर आफ्रिकेत तेच घडलं. या खेपेला आरोप पवित्र ग्रंथ सरकारच्या हवाली केल्याचा. सुमारे ३०५ मध्ये सिर्टा इथे बिशप जमले आणि एकमेकांची झडती घेऊ लागले. पुर्पुरियस नावाच्या बिशपवर तर भाच्यांच्या खुनाचा आरोप झाला, तेव्हा त्याने चौकशी करणाऱ्यालाच उलट विचारलं की तू स्वतः कसा सुटलास ते सांग. मग प्रकरण देवावर सोपवून सगळे गप्प बसले. पुढे यांच्यातल्याच काहींनी ग्रंथ देणाऱ्याच्या हातून दीक्षा घेतल्याचा ठपका ठेवून कार्थेजचा बिशप सिसिलियन याला बाद केलं. त्यातून उभा राहिलेला, डोनेटस या पुढाऱ्याच्या नावाचा पंथ शंभरावर वर्षं टिकला.

नोव्हेशियनचे अनुयायीही टिकून होते. ३२५ मध्ये नायसिया इथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेच्या वेळी त्यांचा बिशप असेसियस पडलेल्यांबद्दल तीच कडक भूमिका मांडू लागला. त्यावर सम्राट कॉन्स्टंटाइन म्हणाला, ‘शिडी लाव आणि एकटाच स्वर्गात चढ.’ पाचव्या शतकातल्या इतिहासकार सॉक्रेटीसने (तत्त्वज्ञ नव्हे) हा किस्सा नोंदवला आहे.

परिषदेचा आठवा नियम मात्र थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. नोव्हेशियनच्या पंथाच्या पाळकांना मुख्य मंडळीत यायचं असेल, तर त्यांनी आधी एक कागद लिहून द्यायचा होता: दुसरं लग्न केलेल्यांबरोबर आणि छळात पडलेल्यांबरोबर आम्ही प्रभुभोजन घेऊ.