नुवारा एलियाचा चहा: एक बुरशी, दोन मान्सून आणि भरपूर थंडी

श्रीलंका म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर नारळ, समुद्र आणि घामाच्या धारा येतात, पण त्याच बेटाच्या मधोमध नुवारा एलिया नावाचं एक शहर आहे जिथे एप्रिलमध्येसुद्धा लोक स्वेटर घालून फिरतात. विषुववृत्तापासून जेमतेम 7 अंश उत्तरेला आणि तरी थंडी, हे कसं काय? सोपा हिशोब आहे. दर 1000 मीटर वर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. कोलंबोचं वर्षभराचं सरासरी तापमान 27-28 अंश, नुवारा एलिया 1868 मीटरवर, म्हणजे 12 अंश वजा करा, राहिले 15-16. प्रत्यक्षातली सरासरीही तेवढीच आहे. शेजारचा पिदुरुतलागला तर 2524 मीटर, देशातलं सगळ्यात उंच शिखर.

ब्रिटिशांना हा हिशोब शरीरानेच कळला होता. खालच्या उकाड्यात आणि तापात हैराण झालेल्या साहेबांसाठी 1820 च्या दशकात गव्हर्नर एडवर्ड बार्न्सने इथे आरोग्यधाम उभं केलं, मग 1840 च्या दशकात सॅम्युअल बेकर आला (हाच तो, जो पुढे नाईलचा उगम शोधायला आफ्रिकेत गेला) आणि त्याने इंग्लंडहून गाई, बियाणं, माणसं आणून चक्क इंग्लिश शेती सुरू केली. लाल विटांचं पोस्ट ऑफिस, 1873 चा ग्रेगरी तलाव, 1889 चं गोल्फ क्लब, रेसकोर्स, हे सगळं अजून आहे आणि फोटोंसाठी झकास आहे, त्यात फार अडकायला नको. कारण या यादीत चहा कुठेच नाही. चहाच्या आधी डोंगरात राज्य होतं कॉफीचं.

कँडीच्या आसपासच्या डोंगरउतारांवर जंगल तोडून मैलोन्मैल कॉफी लावलेली होती, एकाला एक लागून. 1869 मध्ये पानांच्या खालच्या बाजूला नारिंगी पावडर दिसायला लागली. ही हेमिलिया व्हॅस्टाट्रिक्स नावाची बुरशी, आपण तिला कॉफीचा तांबेरा म्हणू. तिचे बीजाणू वाऱ्यावर उडतात, पानावर पाण्याचा थेंब असला की रुजतात आणि पान ज्या छिद्रांतून श्वास घेतं त्याच छिद्रांतून आत घुसतात. पान गळतं, नवीन येतं, तेही गळतं, शेवटी झाडाची ताकदच संपते. हॅरी मार्शल वॉर्ड नावाच्या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञाला 1880 मध्ये सरकारने तपासाला पाठवलं, त्याने दोन वर्षं राबून बुरशीचं सगळं जीवनचक्र मांडलं आणि एकच पीक सलग लावलं की रोगाला आयता रस्ता मिळतो हेही दाखवून दिलं. बागवाल्यांना औषध हवं होतं, त्यांना मिळालं कारण. त्यांची निराशा मी समजू शकतो, पण आजच्या वनस्पती-रोगशास्त्रात वॉर्डचं ते काम पायाभूत मानलं जातं.

पुढे काय? आधी लोक सिंकोनाकडे वळले, ज्याच्या सालीतून हिवतापावरचं क्विनीन निघतं. नुवारा एलियाजवळचं हकगला उद्यान 1861 मध्ये त्यासाठीच सुरू झालं होतं. पण सगळेच सिंकोना लावायला लागल्यावर बाजारात सालीचे ढीग पडले आणि भाव कोसळला. मग उरला चहा, जो जेम्स टेलर नावाच्या स्कॉटिश माणसाने 1867 मध्येच लूलकंदेरा मळ्यात 19 एकरांवर लावून ठेवला होता, तांबेरा यायच्या आधीच. तांबेऱ्याला कॉफीच्या जवळचीच झाडं चालतात, चहा पडला कॅमेलिया कुळातला, त्यामुळे बुरशी त्याला हात लावेना. 1885 मध्ये रेल्वे नुवारा एलियाच्या पायथ्याशी नानू ओयापर्यंत पोचली आणि मग चहाला कोण अडवणार.

(एक गोष्ट नेटवर सारखी फिरते, की तांबेऱ्यामुळेच इंग्रज कॉफी सोडून चहा प्यायला लागले. तसं काही नाही, ते त्याच्या शंभर वर्षं आधीपासून चीनचा चहा ढोसत होते.)

हा चहा खुडायला तमिळनाडूतून माणसं आणली गेली, आजही दोन पानं आणि एक कळी खुडणारे हात बहुतांश त्यांच्याच घरातल्या बायकांचे आहेत. विज्ञानाच्या लेखात हे कशाला, तर चव त्या बोटांपासून सुरू होते म्हणून. जून पान खुडलं की पुढची सगळी केमिस्ट्री वाया. आणि याच लोकांना 1948 च्या नागरिकत्व कायद्याने कुठल्याच देशाचं ठेवलं नाही, उरलेल्यांचा प्रश्न सुटायला 2003 उजाडलं.

बरं, चहा सुटला का बुरशीतून? नाही. 1946 मध्ये श्रीलंकेत ब्लिस्टर ब्लाइट आला, म्हणजे कोवळ्या पानावर फोड आणणारी दुसरी बुरशी. तिला थंडी, धुकं आणि ओलं पान हवं असतं, ऊन पडलं की तिचं काही चालत नाही. म्हणजे नुवारा एलियाचं हवामान तिच्या अगदी पथ्यावरच. वर तिला आवडतं नेमकं तेच कोवळं पान जे आपल्याला कपात हवंय, त्यामुळे तांब्याची औषधं मारायची तर खुडणीचं वेळापत्रक सांभाळून. आणि नव्या मळ्यांत बरीच झुडपं कलमाची, एकाच आईची हुबेहूब लेकरं. वॉर्ड असता तर त्याने कपाळाला हात लावला असता.

आता चवीकडे येऊ. श्रीलंकेत 1200 मीटरच्या वरचा चहा तो 'हाय ग्रोन'. थंडीत झुडूप हळू वाढतं, पाला कमी येतो, पण सुगंधी द्रव्यं त्यात जास्त साठतात असं मानलं जातं. खरी मजा वाऱ्याची आहे. आपल्याकडे महाबळेश्वरला पाऊस धो धो आणि माण-खटाव कोरडं, हे गणित कायमचं ठरलेलं. श्रीलंकेत ते वर्षातून दोनदा उलटं होतं. नैऋत्य मान्सूनमध्ये पश्चिम उतार भिजतो आणि पूर्वेच्या उवा भागात कोरडा वारा सुटतो, ईशान्य मान्सूनच्या काळात बरोबर उलट. ज्या बाजूला कोरडी थंड हवा, त्या बाजूचा त्या महिन्यांतला चहा सगळ्यात वासाचा, म्हणून पश्चिमेला जानेवारी ते मार्च आणि उवात जुलै ते सप्टेंबर हे भारी महिने. ताण पडला की झाड बचावासाठी वेगवेगळी रसायनं बनवतं, त्यातलंच एक मिथाईल सॅलिसिलेट, उवाच्या चहाची ओळखच ते. कंबर दुखली की आपण जे मलम चोळतो ना, त्यातला झणझणीत वास याचाच. नुवारा एलिया दोन्ही बाजूंच्या मधल्या कण्यावर बसलंय, त्याचा चहा मात्र नाजूक, फुलांच्या वासाचा. फक्त जानेवारी ते मार्चच्या कोरड्या महिन्यांत आभाळ निरभ्र असलं की रात्री दहिवर गोठतं आणि खोलगट भागातली झुडपं करपतात.

पान खुडल्यावर ते आधी सुकवतात, म्हणूनच जुन्या फॅक्टऱ्या उंच, तीन-चार मजली आणि नुसत्या खिडक्याच खिडक्या, वारा आत यायला. मग रोलिंगमध्ये पेशी फुटतात, कॅटेचिन (पानातली तुरट द्रव्यं) आणि एन्झाइम एकत्र येतात, हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि पान तांबूस होतं. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं, तीच प्रक्रिया. हिला फॅक्टरीत सर्रास फर्मेंटेशन म्हणतात पण यात जंतूंचा काही संबंध नाही. यातून दोन रंगद्रव्यं बनतात, थिआफ्लेविनमुळे सोनेरी झळाळी, थिअरुबिजिनमुळे लालसर गडदपणा. नुवारा एलियात थंडीमुळे हे सगळं सावकाश आणि बेतानेच होतं, म्हणून कपातला रंग फिक्कट सोनेरी.

आणि म्हणूनच तिथून पाकीट आणलंत तर कृपया आपल्या पद्धतीने आलं घालून दुधात उकळू नका. दुधातलं केसिन नावाचं प्रथिन चहातल्या पॉलिफेनॉलना, म्हणजे तुरट द्रव्यांना, पकडून ठेवतं, आपल्या कडक सीटीसी पावडरीला (यंत्रात चिरडून दाणे केलेल्या चहाला) ते चालतं, उलट बरंच पडतं, पण या चहात मुळात तुरटपणाच हलका, त्यामुळे कपात गरम दूध तेवढं उरतं. कोरा घ्या, तीन-चार मिनिटं झाकून ठेवा. खुद्द नुवारा एलियात तर पाणी 94 अंशांच्या आसपासच उकळतं, तिथे थोडा जास्त वेळ ठेवावा लागतो, मुंबईत नाही.