मेंढी-शेळीपालन प्रशिक्षण वर्ग (सातारा व सांगली जिल्हे)

मेंढ्या व शेळ्या पाळणाऱ्यांना पैदास, नराची निवड, चारा, रोगप्रतिबंध, कळपाच्या नोंदी व विक्री यांची माहिती देण्यासाठी भरणारे अल्पमुदतीचे वर्ग, मेळावे व कार्यशाळा. सातारा जिल्ह्यातील माण, खटाव, फलटण व खंडाळा आणि सांगली जिल्ह्यातील जत, आटपाडी, कवठे महांकाळ व खानापूर हे तालुके त्यांचे मुख्य क्षेत्र होत. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या पट्ट्यात पाऊस साधारणपणे ५०० मिमी.च्या आसपास व तोही बेभरवशाचा असल्याने कोरडवाहू शेतीच्या जोडीला शेळ्या-मेंढ्या पूर्वापार आहेत. वर्ग एका दिवसापासून सुमारे आठवडाभरापर्यंत चालतात. त्यांना येणाऱ्यांत पिढीजात मेंढपाळ धनगर कमी व गोठ्यात शेळ्या बांधून पाळू इच्छिणारे तरुण शेतकरी अधिक, असे सर्वसाधारण चित्र दिसते.

वर्ग घेणाऱ्या संस्था तीन प्रकारच्या आहेत. पहिली शासकीय. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचे मुख्यालय पुण्यात असून दहिवडी (ता. माण) व रांजणी (ता. कवठे महांकाळ) येथे त्याची प्रक्षेत्रे आहेत. प्रक्षेत्रांचे मूळ काम जातिवंत नर पुरवण्याचे. प्रशिक्षण त्याच्या अनुषंगाने आले. दुसरी विद्यापीठीय. शिरवळ (ता. खंडाळा) येथील क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय १९८८ मध्ये सुरू झाले व २००० मध्ये स्थापन झालेल्या नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी ते पुढे जोडले गेले. बोरगाव, कालवडे व कांचनपूर येथील कृषी विज्ञान केंद्रांतही पशुपालनाचे वर्ग होतात. तिसरा प्रकार स्वयंसेवी संशोधनाचा. त्यात फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था (‘नारी’) हीच एक ठळकपणे नोंदवण्याजोगी आहे. ब. वि. निंबकर यांनी ती १९६८ मध्ये स्थापन केली. पशुसंवर्धनाचा स्वतंत्र विभाग १९९० च्या सुमारास सुरू झाला. या भागातील वर्गांत आनुवंशिकीचा विषय शिरला तो मुख्यतः या संस्थेच्या कामामुळे. त्यामुळे त्या कामाची माहिती येथे काहीशी विस्ताराने देणे भाग आहे.

जुळ्यांचा प्रश्न व फेक-बी जनुक : दख्खनी मेंढी बहुधा एका वेताला एकच कोकरू देते. मांसासाठी मेंढ्या पाळणाऱ्याचे उत्पन्न विकाऊ कोकरांच्या संख्येवर ठरते, म्हणून वेतामागे कोकरे वाढवणे हा ‘नारी’च्या कामाचा गाभा राहिला. बंगालच्या सुंदरबन भागातील गरोळ ही जेमतेम १२–१४ किग्रॅ. वजनाची मेंढी दोन-तीन कोकरे सर्रास देते. घळसासी व ब. वि. निंबकर यांनी १९९३ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध करून अभ्यासकांचे लक्ष तिच्याकडे वेधले. गरोळ मेंढ्या फलटणला आणून दख्खनी मेंढ्यांशी, विशेषतः लोणंद उपप्रकाराशी, त्यांचा संकर करण्यात आला. १९९८ पासून ऑस्ट्रेलियाच्या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन केंद्राच्या साहाय्याने, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा व ऑस्ट्रेलियातील विद्यापीठे यांच्यासह हे काम पुढे गेले. डॉ. चंदा निंबकर यांचे नाव या टप्प्याशी विशेषत्वाने जोडले जाते. गरोळचा लहान आकार मागे टाकून तिचे जुळे देणारे जनुक तेवढे दख्खनीत उतरवणे हा हेतू होता. त्यातून तयार झालेल्या कळपास ‘नारी सुवर्णा’ असे नाव आहे.

ते जनुक म्हणजे फेक-बी, किंवा बूरूला जनुक. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधील कूमाजवळच्या ‘बूरूला’ या मळ्यावर सीअर्स बंधूंनी जुळी-तिळी देणाऱ्या मेरिनो मेंढ्या निवडून वाढवल्या होत्या; तेथून १९५० च्या दशकाच्या अखेरीस काही मेंढ्या सरकारी संशोधन संस्थेकडे गेल्या. हा गुण एकाच मोठ्या परिणामाच्या जनुकामुळे येतो, हे १९८० च्या सुमारास मांडले गेले. २००१ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी जवळजवळ एकाच वेळी बीएमपीआर-१बी या जनुकातील एक बदल त्याचे कारण असल्याचे दाखवले. मेंढीच्या सहाव्या गुणसूत्रावरील या बदलामुळे प्रथिनातील २४९ व्या जागी ग्लुटामिनऐवजी आर्जिनिन हे अमिनो आम्ल येते आणि एका माजाला सुटणाऱ्या बीजांची संख्या वाढते. पुढच्याच वर्षी गरोळमध्येही हाच बदल असल्याचे प्रसिद्ध झाले.

मूळ कोठले, याविषयी मतभेद आहेत. १७९२-९३ मध्ये कलकत्त्याहून सिडनीला बंगाली मेंढ्या जहाजाने गेल्या व त्या वेतामागे अनेक कोकरे देत असत, असे वसाहतीच्या काळातील लेखनात आढळते. त्यावरून बूरूला मेरिनोचे जनुक बंगालचे, असे एक मत आहे. ते १९८० च्या दशकापासून मांडले जाते. यावर आक्षेप असा की, हेच उत्परिवर्तन जावामधील बारीक शेपटीच्या व चीनमधील हू आणि लहान शेपटीच्या हान मेंढ्यांतही सापडते. तेव्हा केवळ जनुकाच्या साम्यावरून प्रवासाचा मार्ग सिद्ध होत नाही. शिवाय सिडनीच्या कळपांत केपहून (दक्षिण आफ्रिकेतून) आलेल्या मेंढ्याही मिसळलेल्या होत्या. जहाजांच्या नोंदी व गरोळची आजची प्रजननक्षमता एकत्र पाहता बंगालचा पक्ष अधिक संभाव्य वाटतो. वर्गांत मात्र ही कथा ‘आपलेच जनुक ऑस्ट्रेलियाला जाऊन परत आले’ अशा सोप्या स्वरूपात ऐकायला मिळते. फलटणच्या कळपातील जनुक थेट गरोळकडून आलेले असल्याने ती अचूक नाही.

व्यवहाराच्या दृष्टीने मेंढपाळाला समजावून द्यायची गोष्ट निराळीच आहे. जनुकाच्या दोन्ही प्रती असलेला नर साध्या मेंढ्यांवर सोडला, तर प्रत्येक कोकरात एक प्रत उतरते. एकच प्रत असलेला नर सोडला, तर सरासरी निम्म्याच कोकरांत. नराकडे पाहून हे कळत नाही, त्यासाठी रक्ताचा नमुना देऊन डीएनए चाचणी करावी लागते. नरात स्वतः हा गुण दिसत नाही, तो त्याच्या मुलींत दिसतो. हा मुद्दा पचनी पडायला सर्वांत जड जातो, कारण बाजारात नराची पारख त्याच्या शरीरावरूनच होत आलेली आहे. एक प्रत असलेल्या दख्खनी संकरित मेंढीला वेतामागे सरासरी दीडच्या आसपास कोकरे होतात. दोन प्रतींच्या मेंढीला तिळी होण्याचा संभव वाढतो व तेवढे दूध तिच्या कासेत नसते. रोज मैलोगणती चालणाऱ्या वाड्यात (धनगरांच्या फिरत्या तळात) तिसरे कोकरू हे ओझेच ठरते. त्यामुळे चालत्या कळपासाठी एकच प्रत पुरेशी, असा सल्ला योग्य म्हणता येईल.

माडग्याळचा वाद : सांगली जिल्ह्यातील वर्गांत चर्चा रंगते ती मात्र माडग्याळी मेंढीवर. जत तालुक्यातील माडग्याळ गावावरून ओळखली जाणारी ही मेंढी उंच, लांब पायांची, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके असलेली, पोपटासारख्या बाकदार नाकाची व लांब लोंबत्या कानांची असते. अंगावर लोकर नगण्य. दख्खनी मेंढीचे लोणंद, संगमनेरी, सोलापुरी (सांगोला) व कोल्हापुरी हे उपप्रकार जुन्या वर्गीकरणांत येतात. माडग्याळीला काही अभ्यासक त्याच मालिकेत बसवतात, तर काही तिला स्वतंत्र जात मानतात. दख्खनीची ओळखच मुळी काळ्या राठ लोकरीने होते. बिनलोकरी, उंच व नाकाने इतकी वेगळी मेंढी तिचा उपप्रकार म्हणणे ओढाताणीचे वाटते. रूपाने ती आंध्रातील नेल्लोर मेंढीला अधिक जवळची दिसते. अर्थात रूपसाम्य म्हणजे वंशसाम्य नव्हे. जतच्या सीमेवर विजापूर लागते व कळपांची ये-जा सीमा पाहून होत नाही, हेही ध्यानात घ्यावे लागते.

वादाला बाजाराची धार आहे. आटपाडीचा मेंढीबाजार व तेथील कार्तिकी यात्रा माडग्याळी नरांच्या किमतींसाठी प्रसिद्ध आहेत. २०२० मध्ये एका मेंढ्याला ७० लाख रुपयांची बोली आली व मालकाने ती नाकारली, अशा बातम्या वृत्तपत्रांतून आल्या होत्या. किंमत नाकाच्या बाकावर, उंचीवर व ठिपक्यांवर ठरते; वाढीचा वेग, आईचे दूध वा जुळे यांचा त्यात वाटा नसतो. पशुवैद्यक वर्गांत वजनाच्या नोंदींचा आग्रह धरतात आणि पाळणारे नाकाच्या वळणाविषयी प्रश्न विचारतात, असा विसंवाद त्यामुळे कायम राहतो. त्यात पाळणाऱ्यांना सर्वस्वी अडाणी ठरवता येणार नाही, कारण त्यांचा पैसा त्याच वळणात आहे. मात्र मोजक्या नामांकित नरांचाच वंश गावोगाव पसरल्यास नात्यातील संकराचा धोका वाढतो. दर दोन वर्षांनी नर बदलण्याचा सल्ला वर्गांत म्हणूनच दिला जातो.

अभ्यासक्रम : इतर बाबी सर्वत्र सारख्याच आहेत. दातांवरून वय ओळखणे, २५–३० माद्यांमागे एक नर, सुमारे १५० दिवसांचा गाभणकाळ, विण्यापूर्वीचा वाढीव खुराक, पहिल्या तासाभरात चीक पाजणे, साधारण तीन महिन्यांनी दूध तोडणे, बर्डिझो चिमट्याने खच्चीकरण, वाढलेली खुरे छाटणे, कानात बिल्ला मारणे हे विषय प्रात्यक्षिकासह असतात. चाऱ्यात मका, मेथी घास, दशरथ घास, शेवरी, सुबाभूळ व कडब्याची कुट्टी येते. रोगांपैकी आंत्रविषार, पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांची बुळकांडी), देवी, घटसर्प व निळी जीभ यांवर भर असतो. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी टोचून घ्यावी, कारण कोवळ्या हिरव्या चाऱ्यावर एकाएकी पडलेल्या कळपात तो झपाट्याने उद्भवतो. जंतनाशकाबाबत अलीकडे शिकवण बदलली आहे. सरसकट सर्व कळपाला औषध पाजल्याने जंत त्याला दाद देईनासे होतात. म्हणून आधी लेंडी तपासावी, आणि पापणीच्या आतल्या कडेचा रंग फिकट दिसेल त्याच जनावराला औषध द्यावे, असे सांगितले जाते. पापणीचा रंगतक्ता दक्षिण आफ्रिकेत विकसित झाला. रक्त शोषणाऱ्या जठरकृमीपुरताच तो उपयोगी असतो, हे सांगायला काही वक्ते विसरतात.

शेळ्यांचा भाग बहुतेक वर्गांत मोठा असूनही नवे असे त्यात थोडेच असते. उस्मानाबादी ही पायाभूत जात मानून बोअर, सिरोही इ. जातींची तुलना केली जाते. आफ्रिकन बोअर शेळी महाराष्ट्रात १९९० च्या दशकात ‘नारी’मार्फत आली.

वर्ग व वाडा : दिवाळीच्या आसपास माण-फलटणकडील धनगरांचे वाडे कोकणाकडे वा बागायती खोऱ्यांकडे निघतात व पावसाळ्याच्या तोंडी परततात. वाटेत शेतात मेंढ्या बसवून खताच्या मोबदल्यात धान्य वा पैसे घेतले जातात. रात्री वाघूर (जाळ्याचे कुंपण) लावून कळप कोंडला जातो. आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी, म्हणजे जानेवारी ते मार्च या काळात, वर्ग ठेवले तर नेमके हेच मेंढपाळ गावात नसतात. आषाढ-श्रावणात वर्ग ठेवावेत, ही सूचना जुनीच आहे. वाड्यावर कोकरे सांभाळणे, आजारी जनावराची शुश्रूषा ही कामे मुख्यतः स्त्रिया करतात. निमंत्रण मात्र सहसा घरातल्या पुरुषाच्या नावे जाते. पशुवैद्यकांनी वाड्यावर जाऊन घेतलेले छोटे मेळावे या दृष्टीने अधिक उपयुक्त मानावे लागतात, जरी त्यांची गणना प्रशिक्षणात क्वचितच होते.

वर्गांना येणाऱ्या नवख्यांच्या गर्दीमागे योजनांचेही कारण आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत २० मेंढ्या व एक नर असा गट ७५ टक्के अनुदानावर भटक्या जमाती (क) प्रवर्गासाठी ठेवला गेला. राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या २०२१ पासूनच्या सुधारित रूपात ५०० माद्या व २५ नर अशा मोठ्या प्रकल्पांना ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते, व अर्जदारापाशी प्रशिक्षण वा अनुभव असणे अपेक्षित असते. परिणामी प्रमाणपत्रासाठी येणारे अनेक असतात. त्यांतील ज्यांनी एकही जनावर पाळलेले नसते, त्यांनी शंभर शेळ्यांनी सुरुवात करू नये, हा इशारा जवळपास प्रत्येक वर्गात दिला जातो. टेंभू व म्हैसाळ उपसा सिंचन योजनांचे पाणी आल्यावर आटपाडी, खानापूर, कवठे महांकाळ व जत या तालुक्यांत ऊस, द्राक्षे व डाळिंब वाढले, चराऊ रान घटले. बंदिस्त व अर्धबंदिस्त पद्धतीचे तास वाढण्यामागे हेही एक कारण दिसते.

लोकर : वर्गांत या विषयाला स्थान जवळपास नाही. ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, अमेरिका येथे अल्पाका (दक्षिण अमेरिकेतील लोकरीचा उंटवर्गीय प्राणी) पाळणाऱ्यांसाठी होणाऱ्या वर्गांत तंतूची जाडी मायक्रॉनमध्ये मोजणे, वाकाया व सुरी या प्रकारांची पारख आणि कातरणी हेच मुख्य विषय असतात. साडेअकरा महिन्यांच्या गाभणकाळानंतर अल्पाकाला बहुधा एकच पिल्लू होते, त्यामुळे जुळ्यांचा विचार तेथे नसतोच. दख्खनी मेंढीची राठ काळी लोकर वर्षातून सामान्यतः दोनदा कातरतात व ती घोंगडीसाठी जाते. मेरिनो व रॅम्बुलेटशी संकर करून ती मऊ करण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात झाले, पण ते कळपांत टिकले नाहीत. पांढरी मऊ लोकर घोंगडीच्या कामाची नव्हती आणि संकरित मेंढी चालण्यात मागे पडे. आज कातरणीची मजुरी लोकरीच्या किमतीतून निघत नसल्याची तक्रार सर्रास ऐकू येते. माडग्याळीची पसंती वाढण्यात तिला कातरावे लागत नाही, याचाही वाटा असावा.