उंचीबाहेरील पक्षिनोंद

उंचीबाहेरील पक्षिनोंद : एखादी पक्षिजाती एरवी ज्या उंचीच्या पट्ट्यात राहते, त्याच्या वर आणि नेहमीचा अधिवास सोडून आढळली तर केलेली नोंद. पक्षी तिथे उतरला, बसला, चरला असेल तरच ती खरी धरावी. 29 नोव्हेंबर 1973 रोजी आयव्हरी कोस्टवर सुमारे 11,300 मीटरवर विमानाला धडकलेले रुपेल गिधाड उड्डाणाचा विक्रम सांगते, अधिवासाचा नाही.

ठाण्यात उंचीचे प्रमाण अर्थातच लहान. खाडी समुद्रसपाटीला, आणि येऊरच्या डोंगरापलीकडे पसरलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा माथा जेमतेम साडेचारशे मीटरच्या पुढे. बुलबुल किंवा साळुंकी एवढी चढण सहज चढतात, त्यात लिहिण्यासारखे काही नाही. खाडीच्या चिखलावर हिवाळा काढणारा तिबेटी वाळू-चिखल्या मात्र येऊरच्या कातळावर धावताना दिसला, तर दोनशे मीटरही पुष्कळ झाले. गंमत अशी, की हाच पक्षी उन्हाळ्यात लडाख-तिबेटकडे 4,000 मीटरच्या वर अंडी घालतो, आणि तिथे त्याचे कुणाला नवल वाटत नाही. म्हणून तारीख नसलेली उंची फारशी कामाची नाही. नेमकी जात न लिहिलेली उंचीही तशीच. अँडीज पर्वतात रोहितांच्या (फ्लेमिंगोंच्या) काही जाती 4,000 मीटरवरच्या खाऱ्या तळ्यांत राहतात. ठाणे खाडीतले रोहित (अभयारण्य 2015, आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा रामसर दर्जा 2022) भरती-ओहोटीच्या चिखलाचे.

असा पक्षी वर जाण्याची कारणे बहुधा साधी असतात : वादळी वारा, स्थलांतरातला थकवा, घरटे सोडलेल्या पिल्लांची भटकंती, किंवा आयते अन्न. एव्हरेस्टवर गिर्यारोहकांच्या मागे पिवळ्या चोचीचे चफ (कावळ्याच्या कुळातले पक्षी) 8,200 मीटरपर्यंत गेल्याची नोंद आहे.

चुका पक्ष्यापेक्षा निरीक्षकाच्या जास्त. पारसिकच्या डोंगरावर उभे राहून दुर्बिणीतून खाडीतले रोहित मोजायचे आणि यादीला नकाशावरचा आपल्या उभ्या जागेचा बिंदू जोडायचा, की कागदावर रोहित डोंगर चढले! जागा पक्ष्याची लिहावी. हवेच्या दाबावर चालणारे उंचीमापक घड्याळही फसवते. दाब एक मिलिबारने उतरला की ते सुमारे आठ मीटर जास्त दाखवते. पावसाळी दिवशी पाच मिलिबार उतरले, तर जागचे न हलता चाळीस मीटर चढून होतात. बऱ्याच रेल्वे स्थानकांच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. निघताना घड्याळ त्या आकड्याला लावून घ्यावे, परतल्यावर पुन्हा तिथेच पाहावे.